काठीचा प्रवेश

जाळी विणणाऱ्या काकूंनी ते भांडण फळ्यांच्या भिंतीआडून ऐकलं, तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"कासव सोडवायला जाळं कापलंस? जाळं काय तुझ्या बापाचं?" नवरा धाकट्या भावावर खेकसत होता.

"बाप तर एकच आहे ना दादा आपला!"

काकूंनी हसू दाबलं. दीर त्याच दिवशी घर सोडून गेला. त्याच्या बाजूनं आपण चकार शब्द काढला नाही, हे त्यांना म्हातारपणापर्यंत टोचत राहिलं.

म्हणून नवरा वारल्यावर त्यांनी जाळ्यांच्या शेडमध्ये शाळेतली पोरं जमवली आणि कासवांचं नाटक बसवलं. कासव व्हायला कुणी राजी नाही, चोर व्हायला मात्र झुंबड! शेवटी दटावून एकेकाच्या पाठीला टोपली बांधली. काकूंचा हट्ट एकच, सगळं खऱ्यासारखं दिसलं पाहिजे. चोर वाळूत काठी कशी खुपसतो, ती अलगद आत गेली की खाली अंडी कशी असतात, हेही त्यांनी पोरांकडून घोटून घेतलं.

बाजारात प्रयोग झाला. टाळ्या पडल्या. एक टेम्पोवाला तेवढा हाताची घडी घालून बघत होता. नंतर जवळ आला.

"झकास, मावशी! काठी किती खोल जाते म्हणालात?"

काकू खुशीत होत्या. "कोपरापर्यंत, बाबा."

दोन दिवसांत किनाऱ्यावरच्या कासवांच्या तीन घरट्यांपैकी दोन रिकामी झाली. खड्डे कोपराएवढेच खोल. काकूंनी स्वतः हात घालून पाहिला.

"आता नाटक बंद?" कासव झालेली एक पोरगी रडवेली झाली.

"नाटक कशाला? काठीचा प्रवेश बंद. माझीच अक्कल चरायला गेली होती."

एकच घरटं उरलं. त्याची जागा काकूंनी पोरांनाही सांगितली नाही. संध्याकाळी टेम्पोवाला शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"तिसरं कुठंय, मावशी? पहाटे एकट्याच फिरता म्हणे. जपा हो."

"जपतेच आहे," काकू म्हणाल्या. सुई मात्र बोटात घुसली.

दुसऱ्या पहाटेची फेरी त्यांची शेवटची ठरली. कुत्र्यांनी उकरलंय का, भरतीचं पाणी चढलंय का, ते त्यांनी पाहिलं. घरटं शाबूत होतं. मग रोजच्यासारखं झाडू घेऊन उलट्या पावली चालत, आपल्याच पावलांच्या खुणा पुसत त्या मागे येऊ लागल्या.

पाठीमागे टेम्पो थांबला. दार आपटलं.

काकूंनी मान वळवली नाही. चार हात वाळू झाडायची राहिली होती, ती त्यांनी नीट झाडून घेतली.