माझा एकुलता दात अन् लिंबाचं लोणचं

मंडळी, मी बोलून राह्यली अन् नात सोनल टाइप करून राह्यली, म्हणून चुका तिच्या.

आज दुपारी या बीएस्सीवालीनं माझ्या तंबाखूचा चुना पळवला. चुन्याच्या निवळीत डीएपी खताचं पाणी ओतलं, तर तळाशी पांढरा साका बसला. म्हणे, कॅल्शियम फॉस्फेट.

साध्या पाण्यात तो विरघळेना. लिंबू पिळलं, तर पाहता पाहता गायब!

"आजी, दात बी असल्याच फॉस्फेटचे असतात."

माझ्या तोंडात तेव्हा लिंबाच्या लोणच्याची फोड होती. अन् दात उरलाय एकच. त्याच्याच भरवशावर भाकर खाते मी.

"थुकू का वं?"

"कायले? खा अन् चूळ भर."

मी चूळ भरली, अन् दुसरी फोड घेतली.

तुम्ही काय वाचवलं असतं, दात का लोणचं?