बाबांना मराठीत सांगितलेलं गाणं

भोपाळमधल्या अवधपुरीच्या आमच्या घरात बाबांचा एक कायदा आहे: हिंदी चपलांबरोबर दाराबाहेर काढायची. बाहेर कितीही ‘क्या भाई’ करा, घरात मराठीच. त्या दुपारी हा कायदा मला चांगलाच भोवला.

मी घरून काम करत होतो आणि स्पीकरवर माझा जुना थ्रॅश मेटलचा, म्हणजे वेगवान, कर्कश रॉकचा अल्बम लावला होता. जेमतेम अर्ध्या तासाचा. जगभरच्या बँडनी त्याची नक्कल केली, आणि पहिल्याच गाण्यावरून त्याला शिव्याही खूप पडल्या. ते गाणं छळछावणीतल्या एका नाझी डॉक्टरबद्दल आहे. तो काय काय करायचा एवढंच त्यात सांगितलंय. तो वाईट होता असं कुठेच म्हटलेलं नाही. वीस वर्षं मी याच मुद्द्यावर मित्रांशी भांडत आलो होतो. ऐकणाऱ्याला अक्कल असते, वर निकाल कशाला द्यायचा?

बाबा म्हणाले, एवढा ओरडतोय तर काय म्हणतोय ते मराठीत सांग. मीही हट्टी. गाणं थांबवून एकेका ओळीचा अर्थ सांगत गेलो. इंग्रजीत शब्द पाठ असूनही इतकी वर्षं माझ्यासाठी तो नुसता आवाज होता. मराठीत माझीच जीभ जड झाली. लोकांना कोंडून गॅस सोडतात तिथवर आलो, आणि आपण कुणासमोर बोलतोय ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. भोपाळमध्ये गॅस सुटला त्या रात्री बाबा अशोका गार्डन वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत एकटेच होते, नागपूरहून नुकतेच नोकरीला आलेले. आम्हाला एवढंच माहीत होतं. पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मी स्पीकर बंद केला. मग बाबाच सपाट आवाजात त्या रात्रीचं सांगू लागले. दाराच्या फटीत त्यांनी ओला टॉवेल कोंबला होता. शेजारीण दार वाजवत होती, ‘भैया, खोलो’ म्हणत होती. बराच वेळ. त्यांनी उघडलं नाही. सकाळी ती जिन्यात मरून पडली होती.

सांगून झाल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले.

“तू काहीच म्हणणार नाहीस?”

चुकलात म्हणा, तुमचा इलाज नव्हता म्हणा, त्यांना काहीतरी ऐकायचं होतं. आणि मी, एवढा भांडकुदळ, फरशीकडे बघत बसलो. मला लाज वाटत होती, भीतीही. थोड्या वेळानं ते उठले, दोरीवरचे कपडे आत आणले आणि घड्या घालू लागले.

याला दोन वर्षं झाली. मी अजून काहीच म्हटलेलं नाही.