ती त्या दिवशी गायलीच नाही

आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी आणतात. यावरून माझा अशा गोष्टींवर किती विश्वास होता ते ओळखा. तरीही हे लिहितेय…

२०१४ साल. सिंगापुरात मरीन परेडला आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये शनिवारी दुपारी आम्ही मराठी मंडळी जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करायचो. मी चाळीसच्या दशकातल्या एका अमेरिकन गायिकेवर लिहिलं होतं. मोठ्या डान्स बँडची गायिका. बँड वाजत असताना ही स्टेजच्या कडेला खुर्चीत बसायची, तिची पाळी आली की उठून एक कडवं गायची, पुन्हा बसायची. रेकॉर्डवर ठळक नाव बँडमास्तरचं. हिच्या नावाचा पत्ताच नाही, नुसतं ‘गायनासह’. पुढे असे बँड बंद पडले आणि लोक हिला विसरले. वर्षभर खपून मी हे जमवलं, तिची एक रेकॉर्डही मिळवली.

निवेदन पासिर रिसला राहणारी माझी मैत्रीण मधुरा करणार होती, कारण माईक हातात आला की माझं त-त-प-प होतं. सुरुवातीला लेखिका म्हणून माझं नाव घ्यायचं ठरलं होतं.

तिने घेतलं नाही. वर म्हणाली, “गेलं वर्षभर मी हिच्यासोबत जगतेय.” टाळ्या!

“आई, दॅट्स युवर लाइन, लाह!” माझी इथेच वाढलेली लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण मी हसत बसले.

मग मधुराने रेकॉर्ड लावली. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, सगळं नेहमीसारखं. गाण्याची जागा आली… आणि आवाजच नाही! बँड चालू, सुई जागेवर, बाई गप्प.

“आता… आता गाईल हं ती,” मधुरा चाचरली.

“गायिका रजेवर वाटतं!” जोगळेकरकाका म्हणाले. हशा पिकला. रेकॉर्ड संपली.

संध्याकाळी तीच रेकॉर्ड घरी लावली, तर बाई पहिल्याच वेळी स्वच्छ गायली. नवरा इंजिनिअर. तो चक्रावलाच – “अगं, बँड आणि आवाज एकाच खाचेत असतात. एक गाळून दुसरं वाजेल कसं?”

तेवढ्यात मधुराचा फोन आला. मला वाटलं, माफी मागेल.

“रेकॉर्ड तूच बदललीस ना? माझं हसं व्हावं म्हणून?”

मी फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. सिंगापुरात नवीन होते तेव्हा महिनोन् महिने हिच्याच हातचं जेवले होते मी.

ती परकी बाई का गप्प राहिली, मला सांगता येत नाही. पण मधुराला माझं नाव का घेववलं नाही, हे त्याहून कळत नाही.