मागच्या इंजिनाला दसऱ्याचा हार

एखाद्या गाडीचा जन्मापासूनचा इतिहास तोंडपाठ असणं आणि ती गाडी चालवता येणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी सिंगापूरच्या यिशुन भागातल्या एका बसस्टॉपवर कळलं.

गाडी कोणती, तर चिंक्वेचेंतो! म्हणजे इटालियन भाषेत पाचशे. युद्धानंतर अख्खं कुटुंब स्कूटरवर कोंबून हिंडणाऱ्या इटलीला परवडावी म्हणून केलेली चिमुकली मोटार. आंग मो किओच्या आमच्या ऑफिसात मी रोज जेवताना माझ्या सहकाऱ्याला, लिमला, तिचा इतिहास ऐकवत असे. लिमच्या वडिलांकडे साठीच्या दशकातली खरीखुरी चिंक्वेचेंतो होती. (म्हणजे गाडी त्यांची आणि भाषण माझं. तरी बिचारा दोन वर्षं ऐकत होता.)

दोन हजार सतरा सालच्या दसऱ्याच्या दोन दिवस आधी लिमचा फोन आला.

"मिलिंद, यू मस्ट हेल्प मी!"

त्याचे वडील ऐंशी वर्षांचे झाले होते आणि कायमचे मुलीकडे पर्थला राहायला निघाले होते. शनिवारी संध्याकाळचं विमान. दुपारी बारा वाजता कम्युनिटी क्लबमध्ये निरोपाचं जेवण, दीड वाजता एअरपोर्ट. कित्येक वर्षं बंद पडलेली गाडी लिमने त्यांना न सांगता दुरुस्त करून घेतली होती. जाण्याआधी म्हाताऱ्याला तिच्यातून एक फेरी मारून आणायची, एवढीच त्याची इच्छा. पण बॅडमिंटन खेळताना लिमचाच पाय प्लॅस्टरमध्ये गेलेला आणि घरातल्या बाकी सगळ्यांची लायसन्स ऑटोमॅटिकची.

"यू नो दिस कार बेस्ट, वॉट! यू ड्राइव्ह, कॅन?"

"कॅन, कॅन!" मी म्हणालो.

(इथे एक बारीकसा खुलासा. माझंही लायसन्स ऑटोमॅटिकचंच आहे. तेसुद्धा तिसऱ्या खेपेला मिळालेलं.)

"कॅन कॅन काय?" माधवी म्हणाली. माधवी म्हणजे माझी बायको. "क्लच कुठल्या पायाने दाबतात ते तरी माहितीये का तुला?"

"तो भाग इतिहासात येत नाही."

माधवीचं लायसन्स मात्र गिअरच्या गाडीचं. ती गाडी शिकली कराडला, वडिलांच्या खटारा जीपवर. शेवटी इन्शुरन्सच्या कागदावर तिचं नाव घातलं आणि लिमला मी रुबाबात कळवलं, "माधवी चालवेल. मी शेजारी बसून टेक्निकल बाजू सांभाळीन."

शुक्रवारी संध्याकाळी मेकॅनिक गाडी आमच्या ब्लॉकखाली लावून गेला. मला राहवेना! माझ्या सासूबाई तेव्हा कराडहून आल्या होत्या, आणि त्या वाती वळत बसल्या की उठून जात नाहीत. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"आई, गंमत ऐका. या गाडीचं इंजिन मागे असतं!"

"अगंबाई! मग पुढे काय?"

"पुढे पेट्रोलची टाकी आणि थोडं सामान. आणि या इंजिनाला पाणीच लागत नाही. रेडिएटरच नाही! नुसत्या हवेवर थंड होतं. आणि पहिल्यांदा काढली ना, तेव्हा मागे धड सीटसुद्धा नव्हतं. लोकांनी नाकं मुरडली. मग काही महिन्यांत सुधारून परत काढली."

"मागे सीट नाही म्हणजे सासूला कुठे न्यायचंच नाही, असा बेत असणार मेल्यांचा," सासूबाई म्हणाल्या आणि पुढची वात वळायला घेतली.

दसऱ्याच्या सकाळी त्या हळदकुंकू, नारळ, पेढ्यांचं ताट आणि लिटल इंडियातून आणलेले झेंडूचे तीन जाडजूड हार घेऊन खाली उतरल्या. पुढच्या बाजूकडे ढुंकूनही न बघता थेट गाडीच्या मागे गेल्या.

"मिलिंदराव, आज यंत्राची पूजा. यंत्र मागे, मग हारही मागेच."

मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं बोलणं लक्ष देऊन ऐकलं होतं! मागच्या काचेखाली हवेसाठी फटी असतात, त्यांच्यावर तिन्ही हार मी स्वतःच्या हाताने सुतळीने करकचून बांधले. वरून सासूबाईंनी हिरवा खण पसरला, तोही बांधला.

"नीट झाकलं गेलं का हो?"

"आई, एक फट दिसत नाही!" मी अभिमानाने म्हणालो.

अकरा वाजता निघालो. पुढे आम्ही दोघं, मागे सासूबाई आणि आमची बारा वर्षांची इरा. माधवीने किल्ली फिरवली. गाडी ढिम्म.

"किल्लीने नाही सुरू होत ही," मी विजयी स्वरात म्हणालो. "दोन सीटच्या मधली ती छोटी दांडी ओढ!"

तिने ओढली. गाडी फटफटत जागी झाली. (त्या दिवसातली माझी तांत्रिक कामगिरी इथे संपली.)

"आता गिअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा, कारण त्या काळात—"

"कारण नको," माधवी म्हणाली आणि जीपच्या सवयीने तिने अशा सफाईने गिअर टाकला की मी तोंड मिटलं.

पाच-सात मिनिटं राजेशाही थाटात गेली. बसमधली माणसं फोटो काढत होती. मग मागून एक वास यायला लागला.

"सुवास सुटलाय बाई!" सासूबाईंनी हात जोडले. "देवाला पोचलं म्हणायचं."

सुवास वाढला. गाडी मंदावली. आधी आम्हाला एक सायकलवाला ओलांडून गेला, मग भाजीची ट्रॉली ओढणाऱ्या एक आजीबाई ओलांडून गेल्या. शेवटी एका बसस्टॉपच्या जरा पुढे आचके देत गाडी गपकन बंद पडली. अकरा वीस!

मी उडी मारून बाहेर आलो. इंजिन तापलंय, पाणी घातलं पाहिजे! पाण्याची बाटली घेऊन मी धावलो, पुढचं झाकण उघडलं, समोर दिसलेलं बूच पिळून काढलं आणि बाटली तिरकी केली.

"अरे ती पेट्रोलची टाकी आहे!" माधवी किंचाळली. "ठेव ती बाटली!"

"बाबा, इंजिन बिहाइंड लाह!" इरा कपाळावर हात मारत म्हणाली. "यू टोल्ड अस हंड्रेड टाइम्स!"

बाटलीतलं पाणी टाकीच्या तोंडापासून बोटभर अंतरावर होतं. तेवढ्यात लिमचा फोन! "मिलिंद, वेअर आर यू? माय फादर ऑलरेडी वेटिंग!"

"कमिंग, कमिंग," मी म्हणालो. त्या क्षणी मला खरंच रडू येत होतं. एका म्हाताऱ्या माणसाची शेवटची फेरी मी माझ्या फुशारकीपायी बुडवणार होतो.

माधवीने मागे जाऊन खण उचलला. खाली झेंडूची वाफवलेली भाजी झाली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हवेच्या फटींवर? हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या? कोणी बांधलं हे?"

"हार माझे, गाठी जावयांच्या," सासूबाई चटकन म्हणाल्या. "म्हणून तर सुटत नाहीयेत."

माधवीने घराच्या किल्लीने सुतळी कापली, मागचं झाकण उघडलं आणि हुकूम सोडला, "वारा घाला!" मी शर्टाच्या टोकाने, इराने वहीने, सासूबाईंनी पूजेच्या ताटाने वारा घालायला सुरुवात केली. बसस्टॉपवरच्या दोन बायकांना काय वाटलं कोण जाणे, त्याही सुपरमार्केटची पत्रकं घेऊन आल्या आणि वारा घालू लागल्या. एक शाळकरी मुलगी छत्री उघडमीट करत उभी राहिली. सासूबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. बस आली आणि गेली, पण एकही माणूस चढला नाही!

बाराला पाच कमी असताना माधवीने दांडी ओढली. गाडी खोकली, शिंकली आणि धडधडायला लागली. बसस्टॉपने टाळ्या वाजवल्या. आजवर माझ्या एकाही प्रेझेंटेशनला एवढ्या टाळ्या पडलेल्या नाहीत.

सव्वाबाराला आम्ही पोचलो. लिमचे वडील पार्किंगमध्ये काठी टेकून उभे होते. गाडी दिसली तशी त्यांनी काठी मुलाच्या हातात दिली आणि एकटेच चालत आले. टपावरून हात फिरवला, मागच्या झाकणावरचं कुंकू पाहिलं आणि मी पुसायला गेलो तर ते पुसू दिलं नाही.

मी पुढे सरसावलो. "अंकल, डू यू नो, द फर्स्ट मॉडेल हॅड नो प्रॉपर बॅक सीट—"

"आय नो," ते म्हणाले आणि मला बाजूला सारून माधवीशेजारी जाऊन बसले.

माधवीने कापडी छत मागे सरकवलं. पार्किंगला एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी! ऐंशी वर्षांचा माणूस छतातून हात बाहेर काढून हलवत होता, मागे पंचवीस-तीस लिम ओरडत होते, सासूबाई रडत होत्या आणि प्लॅस्टरचा पाय विसरून लिम उड्या मारत होता. मला माधवीचा इतका अभिमान वाटला की बोलायला शब्दच सुचेनात. (असं क्वचित होतं.)

तिसऱ्या फेरीनंतर गाडी माझ्यासमोर थांबली. अंकलनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि माधवीला विचारलं, "युअर हजबंड ड्राइव्ह, ऑर नॉट?"

"नो, अंकल," माधवी म्हणाली. "ओन्ली एक्स्प्लेन."

पार्किंगमध्ये हास्याचा स्फोट झाला. मीही हसलो. गाडी चौथ्या फेरीला निघाली, आणि शेजारी उभ्या असलेल्या लिमच्या एका मावशींना मी तिचा इतिहास पहिल्यापासून समजावून सांगायला घेतला. त्या छान मान डोलावत होत्या. त्यांना इंग्रजी अजिबात येत नाही हे मला समजलं, तेव्हा मी एकोणीसशे साठ सालापर्यंत पोचलो होतो.