पेटीतला एक चिंचोका

सहा आठवड्यांपूर्वीची सकाळ. मी ओट्यावर चूळ भरत होतो आणि समोर मगनभाई रंगारी येऊन उभा. हात कोपरापर्यंत निळे, डोळे लाल. तीन वर्षं आम्ही बोललो नव्हतो, म्हणजे मीच बोललो नव्हतो. "अण्णा, दाजी गया," एवढंच म्हणाला... हातातला तांब्या मी तसाच खाली ठेवला. ज्याची माफी मागायची राहून गेली होती, त्यानेच माझ्या दारी येऊन ही बातमी द्यावी!

दाजी पोतनीस म्हणजे मांडवीमागच्या आमच्या गल्लीतल्या वाचनालयाचे अध्यक्ष. तरुणपणी सरकारी शिष्यवृत्तीवर जर्मनीला जाऊन कापड रंगवायची विद्या शिकून आले आणि जन्मभर बडोद्यात तीच शिकवली. मगनभाई त्यांचाच शिष्य. तिकडचा एक जुना मित्र दाजींना चित्रांचं विनोदी साप्ताहिक पाठवी. रविवारी संध्याकाळी दाजी ते आम्हाला मराठीतून वाचून दाखवीत. मध्येच गुजरातीत शिरत, कारण अर्धी गल्ली रंगाऱ्यांची. मंत्र्यांची लांबलचक नाकं, सेनापतींची सुटलेली पोटं... आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. लोक मंत्र्याची अशी रेवडी उडवतात आणि तो दुसऱ्या दिवशी मुकाट कचेरीत जातो, याचंच मला नवल वाटे. मी पडलो कारकून. साहेबाच्या सावलीलाही वाकून नमस्कार करणारा.

मग एका रविवारी दाजी नुसतीच पानं उलटत बसले. "हसू कुठं गेलं रे?" म्हणाले. साप्ताहिक तेच, कागद तोच, पण मंत्र्यावरचं एकही चित्र नव्हतं. सासूवरचे आणि शेजारच्या देशांवरचे विनोद तेवढे उरले होते. तिथल्या नव्या राज्यकर्त्यांनी विरोधी पक्ष मोडून काढल्याचं पेपरात आलं होतं, पण आमच्या लेखी ते सातासमुद्रापलीकडचं. दाजी म्हणाले, "आज थट्टा बंद झाली. आता व्यापारात मेख बसेल, मग शेजाऱ्यांशी भांडण उकरून काढतील. बघच." म्हाताऱ्याला ज्योतिष सुचतंय, असं मी मनात म्हटलं. आणि अहो, वर्ष सरायच्या आत ते राष्ट्रसंघातून बाहेर पडले! मगनभाईकडे येणाऱ्या जर्मन रंगाच्या डब्यांना दर खेपेला नवी अट, नवा परवाना. व्यापारी रडकुंडीला आले. मित्राच्या पत्रांत हवापाणीच उरलं. एकदा त्याने लिहिलं, रेडिओवर नाचाची गाणी हल्ली लागत नाहीत, बरंच झालं, झोप येते. दाजी तिथंच थांबले. "हा बरंच म्हणतोय... आणि हाच माणूस पहाटेपर्यंत नाचायचा." एवढ्याशा खोलीत बसून हा माणूस दूरदेशीचं घर कसं ढासळतंय ते विटेविटेनं सांगत होता.

आम्हां संस्थानी माणसांना मत टाकायला मिळे ते त्याच खोलीत. दरसाल अध्यक्षाची निवडणूक. पडद्याआड बिस्किटांचा जुना डबा, झाकणाला भोक. माणूस पसंत असेल तर वालाचा दाणा टाकायचा, नसेल तर चिंचोका. दाजींसमोर उभं कोण राहणार? तरी दरसाल डब्यातून एक चिंचोका निघे. बरोब्बर एक. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाई. तीन वर्षांपूर्वी मी सभेत उठून ठरावच मांडला, की दाजी तहहयात अध्यक्ष आणि डबा माळ्यावर. वर मगनभाईकडे बोट दाखवलं, "चिंचोका याचाच! परीक्षेत नापास केल्याचा राग काढतोय." मगनभाई खाली मान घालून बसला. दाजी मात्र ताडकन उठले. "अरे, दर रविवारी मी काय भिंतीला वाचून दाखवतो? तिथंसुद्धा लोकांनी प्रेमानेच सुरुवात केली होती!" ठराव बारगळला. मी मगनभाईशी बोलणं टाकलं. आहेच मेला माझा स्वभाव!

दाजी जाण्याआधी आठ दिवस मी त्यांना भेटायला गेलो. खाटेवर पडल्यापडल्या म्हणाले, "तो चिंचोका माझा रे."

मला काही कळेचना.

"दरसाल मीच टाकायचो. विरुद्ध टाकता येतं, टाकलं तरी आभाळ कोसळत नाही, हे लोकांना दिसायला हवं. एकदा सवय मोडली की संपलं. मगनला सांगितलं होतं मी. तोच म्हणाला, सभेत बोलू नका, तुमचा आहे कळलं तर त्याला काय किंमत राहील? तीन वर्षं तुझा राग पोटात घातला त्याने."

शरमेनं मला मान वर करवेना. कसली माणसं ही! आणि मी यांच्यात बसत होतो... आज जाईन, उद्या जाईन म्हणत मगनभाईकडे जायचं राहिलं, ते तोच आला.

गेल्या रविवारी सभा झाली. अध्यक्षपदासाठी माझं एकट्याचंच नाव. "डबा कशाला? बधानी हा ज छे ने, सगळ्यांचा होकारच!" मागून कोणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. खरं सांगतो, त्या टाळ्या गोड लागल्या. नुसती मान डोलवायची बाकी होती. मग कपाटातला डबा दिसला. झाकणावर दाजींच्या निळ्या बोटांचे जुने डाग...

"डबा काढा," मी म्हणालो.

पडद्याआड जाऊन माझ्याविरुद्ध मीच चिंचोका टाकला. शेवटी मगनभाईनं डबा सगळ्यांसमोर उपडा केला. वालाचे दाणे सतरंजीभर पसरले, आणि त्यांत चिंचोके निघाले दोन.

मी टाकला होता एकच. दुसरा कुणाचा, ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. डबा आता माझ्यासमोर आहे, दोन्ही चिंचोके त्यातच ठेवलेत. दाजी, तुमच्या वेळी एकच निघायचा हो!