उघडल्यावर फोडायचा नारळ

माईक हातात आला की काका आधी त्याच्यावर बोटाने टिचकी मारत आणि माझ्याकडे बघून विचारत, "येतोय का आवाज?" मी मान हलवली की मगच बोलत. बोलायचं तरी काय, एकच वाक्य. "ते केंद्र उघडणार कधी?" एवढं विचारून माईक परत देत आणि आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसत.

वारज्यात माझा स्पीकर भाड्याने देण्याचा धंदा आहे. नवरा गेल्यापासून मीच बघते. त्यामुळे आमच्या भागातली सगळी भाषणं मला फुकट ऐकायला मिळतात, हे माझं नशीब. तुम्हीही अशा सभांना कधीतरी गेला असाल, वडापावसाठी का होईना. मग मी काय सोसलंय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे दुखण्यावरच्या गोळ्यांची नशा वाढली होती. माजी नगरसेवक आबा म्हणत, सगळा निधी व्यसनमुक्ती केंद्राला द्या, आजारी माणसांना उपचार हवेत. त्यांचे विरोधक भाऊ म्हणत, गर्दुल्ल्यांचे लाड कशाला, पैसा कॅमेऱ्यांना आणि पोलिसांच्या गस्तीला द्या. इथवर मला समजत होतं. मग पक्ष फुटले. आबा तिकडे गेले, भाऊ इकडे आले, आणि जाताना दोघांनीही आपापली मतं जुन्या पक्षातच ठेवली. आता भाऊ केंद्र मागू लागले आणि आबा कॅमेरे. एकदा आबांच्या सभेत मी चुकून भाऊंच्या पक्षाचं गाणं लावलं. कार्यकर्ते त्यावरही नाचले.

काका दोघांच्याही सभांना येत. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे, इस्त्रीचा शर्ट, कानाने जरा कमी. आबांच्या माणसांना वाटे, यांना भाऊंनी पाठवलंय. भाऊंच्या माणसांना वाटे, आबांनी. मला काहीच ठरवता येईना, म्हणून एकदा वायरी गुंडाळता गुंडाळता विचारलंच.

"काका, तुम्ही नक्की कुणाचे हो?"

"मी आमच्या हिचा," काका म्हणाले.

मी हसले. म्हातारा गमत्या आहे, एवढंच वाटलं. गोळ्या त्यांचा मुलगा खात असणार, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, हे फार पुढे कळलं.

निवडणूक जवळ आली तसं केंद्राचं उद्घाटन ठरलं. पाटी रंगवली, फीत बांधली. श्रेय घ्यायला आबा आणि भाऊ दोघेही हजर. काका रिक्षातून काकूंना घेऊन आले. काकू निवृत्त शिक्षिका. पांढरे केस, कडक सुती साडी, हातात कापडी पिशवी. "या मॅडम, या," करत कार्यकर्त्यांनी त्यांना थेट पहिल्या रांगेत बसवलं. फीत कापून झाल्यावर निवेदकाने त्यांना ज्येष्ठ नागरिकांच्या प्रतिनिधी म्हणून मंचावर बोलावलं. भाऊंनी शाल घातली, नारळ दिला. निवेदकाने माईक पुढे केला. "दोन शब्द बोला."

काकूंनी नारळ पिशवीत ठेवला आणि माईक घेतला. त्या म्हणाल्या, "मी इथे ॲडमिट व्हायला आलेय."

"मॅडमचा स्वभाव किती विनोदी आहे बघा," निवेदक म्हणाला. टाळ्या पडल्या. मी स्पीकरजवळ उभी होते. हे काय चाललंय ते मलाही क्षणभर उमजेना, आणि उमजलं तेव्हा टाळ्या संपल्या होत्या.

काका उठले. टिचकी मारली, माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. "उघडणार कधी?"

"अहो काका, आत्ताच नाही का उघडलं? फीत कापली की," भाऊ म्हणाले.

आत खाट नव्हती, डॉक्टर नव्हता. त्यासाठीचा निधी आबांनी अडवला असं भाऊ म्हणाले, भाऊंनी अडवला असं आबा म्हणाले. पाहुणे गेल्यावर शिपायाने दाराला कुलूप लावलं. मी स्पीकर उतरवेपर्यंत दोघं पायरीवर बसून होती. मग मीच त्यांना टेम्पोत पुढे बसवून घरी सोडायला निघाले.

वाटेत काकांनी सांगितलं. पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काकूंना गोळ्या दिल्या होत्या. "पाठ बरी झाली, ताई. गोळ्या राहिल्या." एका खाजगी केंद्रात नेलं, तर तिथे सगळे पुरुष. काकू घाबरून परत आल्या. या नव्या केंद्रात बायकांसाठी वेगळी खोली असणार, हे काकांनी पहिल्याच सभेत ऐकलं होतं. माझ्याच स्पीकरवर.

काकू मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. टॉवेल, गाऊन, स्टीलचा पेला आणि वर तो नारळ. "अहो, याच्या वड्या करू का?" त्यांनी विचारलं.

"राहू दे," काका म्हणाले. "उघडलं की दारात फोडू."

थंडीत एका सकाळी काकू उठल्याच नाहीत. झोपायच्या आधी किती गोळ्या घेतल्या होत्या, ते काकांनाही माहीत नव्हतं. पुढे ते घर आवरून वर्ध्याला भाच्याकडे राहायला गेले. जायच्या आधी माझ्या दुकानात आले आणि नारळ टेबलावर ठेवला. "उघडलं की तुम्ही फोडा, ताई." मी बरं म्हटलं. नारळ तिथेच आहे. आतलं पाणी आटलं असावं, हलवला की गोटा खुळखुळतो.

परवा पुन्हा सभा झाली. आबा आणि भाऊ आता एकाच पक्षात आहेत, एकाच मंचावर. केंद्र कुणामुळे अडलं ते दोघांनी मिळून समजावून सांगितलं, मला काही ते नीट समजलं नाही. शेवटी निवेदकाने विचारलं, कुणाला काही प्रश्न? भाऊंची नजर सवयीने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली. मंचावरून उतरताना ते माझ्याजवळ थांबले.

"ते काका दिसले नाहीत आज. आबांचेच ना ते?"

"नाही," मी म्हटलं. "काकूंचे."

"कोण काकू?" भाऊंनी विचारलं.