कोंडाजीबाबांचे कान

कोंडाजीबाबा ठार बहिरे आहेत, असं शिळफाट्यावर कुणीही तुम्हाला शपथेवर सांगेल. कानाशी सुरुंग उडाला तरी त्यांची मिशी हलत नाही, म्हणे. बायको जेवायला बोलावताना ताट बडवते, आणि त्यांच्या बैलांनी हंबरणं सोडून मानेने खुणा करायला घेतल्यात.

यातलं एक अक्षर खरं नाही. बाबांचे कान असे तिखट की आतल्या कणगीत उंदराने कूस बदलली तर ते पडवीतून त्याला शिवी हासडतील. फक्त दिवाळीची पहिली आंघोळ झाली की ते कान शिमग्यापर्यंत झाकले जातात. आधी लसणीच्या तेलात बुडवलेला कापूस, त्यावर नेरळच्या बाजारातली लोकरीची कानटोपी, आणि टोपीवरून हनुवटीखाली गाठ मारलेली बायकोच्या, आनंदीबाईंच्या, जुन्या लुगड्याची चिंधी. एवढ्यातूनही त्यांना ऐकू सगळं येतं. पण उघड्यावर, ऊन नीट चढेपर्यंत, ते उत्तर म्हणून देत नाहीत.

"थंडीला दोन दारं," बाबा घरात बसून सांगतात. "कान आन् तोंड. नाकाचं दार द्येवानंच खाली वळवलंय, म्हून थितनं ती शिरत नाय."

शिवाय सकाळी आल्याचा तुकडा गुळाबरोबर, संध्याकाळी निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा, आणि दुपारपर्यंत पाठ उन्हाकडे. काही म्हणा, मार्गशीर्षात आळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत खोकला फिरतो आणि बाबांचं घर तेवढं सोडतो. गाव त्यांना हसतं, आणि काढ्यासाठी वाटी घेऊन त्यांच्याच दारात उभं राहतं.

लढाईमुळे रॉकेलही रेशनवर मिळत होतं, त्या वर्षीची ही गोष्ट. बाबांच्या लेकीला, जनाला, लोधिवलीच्या येसाजीच्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा शेतात राबणारा, घर खाऊनपिऊन सुखी, जनाच्याही मनात भरलेला. सगळं जुळत आलं आणि मध्यस्थ आबाजी तोंड पाडून आला.

"बाबा, येसाजीच्या कानावर गेलंय, तुमी बहिरं हाव. तो म्हंतो, बाप बहिरा म्हंजे रक्तात आसंल. नातवंडं बी तशीच निपजायची. उद्या सोता बघाया येतोय, संगं त्याची थोरली भन सोनाबाई. पौष लागाया चार दीस. त्याच्या आत ठरलं तर ठरलं, नायतर चौकची पोर बघून ठेवलीय त्यानं."

आबाजी गेल्यावर आनंदीबाई म्हणाल्या, "उद्या कान उघडं दिसलं पायजेत."

"मार्गशीर्षात?" बाबांनी असं विचारलं, की जणू त्यांना धोतरच सोडायला सांगितलंय.

"पोरीपरीस कान मोठं झालं का तुमास्नी?"

बाबांनी हनुवटीखालची गाठ चाचपली. त्यांचे वडील अशाच एका मार्गशीर्षात उघड्या डोक्याने वालाची राखण करायला गेले होते, ते थंडी भरून चौथ्या दिवशी वारले. म्हणून तर ही टोपी. पण दाराआड जना उभी होती, आणि तिने सूप हातात घेतलं होतं तरी पाखडत काहीच नव्हती.

सकाळी बाबा घरामागे गेले आणि एकेक थर उतरवून आले. कान बाहेर पडले. जवळजवळ दोन महिने ऊन न लागलेले, मुळ्यासारखे पांढरेफटक. वारा लागताच ते आधी लाल झाले, मग जांभळे.

पाहुणे आले. येसाजी ओट्यावर बाबांसमोर बसला. सोनाबाई बाबांच्या पाठीमागे, उंबऱ्यापाशी बायकांत बसल्या आणि बसल्याबसल्या सुरू झाल्या.

"अगं बाई, घर हाय का कोंडवाडा?"

बाबांनी ऐकलं. मान वळवली नाही.

"पोहं तरी कसलं! घोडं बी तोंड लावनार नाय."

बाबांनी तेही ऐकलं, आणि गिळलं.

"आन् पोरीचा बाप बघा. माकडाला धोतर नेसवल्यागत!"

बाबा आणखी नम्रपणे हसले आणि सुपारीचं तबक येसाजीपुढे सरकवलं. मुलीच्या बापाने मुलाकडच्यांना उलटून बोलू नये, हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं, वडिलांना आज्याने.

सोनाबाई ताडकन उठल्या. "येसा, चल घरला. ठार बहिरा हाय. दगडाला बी राग आला आसता!"

येसाजीने गुडघ्यावर हात ठेवून उठायला घेतलं. आत जनाच्या हातातलं सूप खाली पडलं. तो आवाज ऐकला मात्र, बाबा गर्रकन वळले.

"सोनाबाई, घर कोंडवाडा हाय, म्हून तर तुमास्नी बशिवलंय! पोहं घोड्याच्या लायकीचं नव्हतं, तर दोनदा मागून कशापायी घेतलं? आन् माकडाचं म्हनाल तर..."

"आवो, बास!" आनंदीबाईंनी मागून त्यांच्या धोतराचा सोगा ओढला.

"थांब गं! माकडाचं ऱ्हायलंय. मी माकड, तर तुमी माकडाशी सोयरीक कराया गाडी जुपून आलाव!"

येसाजी उठता उठता परत बसला. मग येसाजीने मांडीवर थाप मारली. "ऐकतोय गं आक्का! सम्दं ऐकतोय!"

सोनाबाईंनी हसू दाबायला पदराचा बोळा तोंडात कोंबला. "आवो, मंग येवडा येळ गप का बसलाव?"

"पोरीचा बाप हाय मी. बोलू कसा?"

तिथेच सुपारी फुटली.

गाडी वळणाआड जाते न जाते तोच बाबांनी कापूस कोंबला, टोपी चढवली, चिंधी आवळली. शेजारी म्हणून मीही तिथेच होतो. मला राहवलं नाही.

"बाबा, दोन तास कान उघडे होते तुमचे. आता पडसं धरणारच. उद्या सकाळी वालाच्या शेतावर काही तुम्ही येत नाही. आलात तर जाळात भाजायचं पोपटीचं मडकं माझ्याकडून. वालाच्या शेंगा, रताळी, भांबुर्ड्याचा पाला, सगळं मी आणतो."

"अंडी?"

"अंडीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी दव वाळायच्या आत बाबा बांधावर हजर. नाक पिकल्या मिरचीसारखं, डोळ्यांना धारा, तोंड घट्ट मिटलेलं. त्यांनी काठी बांधात रोवली, दोन्ही हातांनी धरली, आणि ओळीने अकरा शिंका दिल्या. शेतातले बगळे उडाले ते ओढ्यापलीकडे जाऊन बसले.

मी हसायला तोंड उघडणार, एवढ्यात बाबांनी चिंधीच्या टोकाने नाक पुसलं.

"पैज येन्याची व्हती," ऊन चढायची वाट न बघता ते म्हणाले. "शिंकायची नव्हती."

मडकं मी लावलं. अंडी सगळी त्यांनी खाल्ली. पडशाला बरी असतात, म्हणे.